सोन्याचे तांबडे पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीची गोष्ट. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त शेजारच्या विज्ञान महाविद्यालयात प्रदर्शन भरले होते. आम्हा कला शाखेच्या मुलांची पावले तिकडे सहसा वळत नाहीत. पण आमच्या गावचा एक जण तिथे एम.एस्सी. करतो, त्याने मला बळेच नेले. त्याच्या टेबलावर दोन वस्तू मांडलेल्या होत्या. एका बशीत पांढरी भुकटी होती; ते जस्ताचे ऑक्साइड, त्याने स्वतः प्रयोगशाळेत बनवलेले. दुसरी वस्तू म्हणजे डाळिंबाच्या रसासारख्या तांबड्या पाण्याची एक लहान बाटली. यात काय असेल ते ओळख, असे तो म्हणाला. मी कुंकू म्हटले, बीट म्हटले. शेवटी त्यानेच सांगितले की ते सोने आहे. मला थट्टा वाटली. मग त्याने मिठाच्या पाण्याचे चार थेंब बाटलीत टाकले, आणि पाहता पाहता ते तांबडे पाणी निळेजांभळे झाले. असे पाणी पहिल्यांदा नीट अभ्यासले ते मायकेल फॅराडेने, आणि तो लोहाराचा मुलगा होता, एवढे सांगून तो दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला.

तो सहज बोलला, पण मला ते लागले. कारण मीही लोहाराचाच मुलगा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. प्रथम वर्षाला प्रवेश घेताना अर्जात वडिलांचा व्यवसाय असा एक रकाना होता. त्यात मी शेती असे लिहिले होते. आमच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. वडील भाता ओढतात, खुरपी-विळे घडवतात, पहारी-कुदळी शेवटून देतात. हे लिहायला मला लाज वाटली होती. त्या दिवशी घरी जाताना एकच विचार डोक्यात होता : इतका मोठा झालेल्या त्या लोहाराच्या मुलाने हा रकाना कसा भरला असता? ग्रंथालयातून मिळतील ती पुस्तके आणून मी त्याचे चरित्र वाचले. तेच आज माझ्या अल्पमतीने सांगतो आहे.

मायकेल फॅराडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे उत्तर इंग्लंडातून पोट भरण्यासाठी राजधानीकडे आलेले. घण मारणाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि जेम्सची प्रकृती तर नेहमीच नादुरुस्त. ज्या दिवशी भट्टी पेटत नाही त्या दिवशी चूलही कशी मंदावते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. १८०१ साली धान्य फार महाग झाले तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळा झाली ती लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित येण्यापुरती. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. त्याचा प्रामाणिकपणा पाहून रिबोने वर्षभराने त्याला बुकबाइंडिंगच्या उमेदवारीवर घेतले. त्या काळी उमेदवाराकडून मालक पैसे घेत असत. रिबोने ते घेतले नाहीत. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

पुस्तके शिवता शिवता तो ती वाचू लागला. बांधणीसाठी आलेल्या एका ज्ञानकोशाच्या खंडात विजेवरचा लेख होता, तो त्याने वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक वाचले आणि जमतील ते प्रयोग चार पैसे खर्चून स्वतः करून पाहिले. पुस्तकात लिहिले आहे म्हणून खरे मानायचे नाही, हाताने करून पाहायचे, ही सवय त्याला तिथे लागली. शहरात टेटम नावाचे गृहस्थ विज्ञानावर व्याख्याने देत. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे. तो शिलिंग मायकेलचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. रॉबर्टही लोहारकामच करी. उमेदवारी चालू असतानाच वडील वारले. धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरल्याने घण मारायचा, ही रीत फक्त आपल्याकडचीच आहे असे मी समजत होतो.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे त्या वेळचा इंग्लंडातील सर्वांत नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने ती व्याख्याने ऐकली, घरी येऊन टिपणे सविस्तर लिहून काढली, त्यात आकृत्या घातल्या, आणि सुमारे तीनशे पानांची ती वही स्वतःच्या हाताने सुबक बांधून डेव्हीकडे पाठवली. त्याआधी त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनाही काम मागणारे पत्र लिहिले होते. त्याचे उत्तरच आले नव्हते. डेव्हीने मात्र भेटीला बोलावले, पण जागा नव्हती. पुढे प्रयोगशाळेतील एका माणसाला मारामारी केल्यामुळे काढून टाकण्यात आले, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅराडे तिथे मदतनीस म्हणून लागला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि राहायला माडीवरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाली आणि फॅराडेला सोबत घेतले. डेव्हीचा खासगी नोकर ऐन वेळी यायला तयार झाला नाही, म्हणून त्याचीही कामे फॅराडेच्या गळ्यात पडली. लेडी डेव्ही त्याला नोकर म्हणूनच वागवी आणि जेवायला नोकरांच्या पंगतीला बसवी. तो खचला आणि सारे सोडून परत जावे असे त्याच्या मनात आले. पण गेला नाही. पॅरिसमध्ये अँपिअर आणि इटलीत व्होल्टा यांना पाहण्याचे भाग्य त्याला याच दौऱ्यात लाभले. १८१५ च्या एप्रिलमध्ये तो परतला तेव्हा दीड वर्षात जणू त्याचे एक कॉलेज पुरे झाले होते. दुसरे कॉलेज त्याने कधी पाहिले नाही.

यापुढचा फॅराडे आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. १८२१ मध्ये त्याने विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. आजची विजेची मोटर ही तिचीच पुढची पिढी. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने चुंबकापासून वीज निर्माण होते हे दाखवले. आपल्या खोलीवरचा दिवा ज्या तत्त्वावर आलेल्या विजेने पेटतो ते हेच. बेंझिनचा शोध त्याचा. विद्युत् अपघटनाचे नियम त्याचे. आपल्या हिंदुस्थानातील वूट्झ नावाचे प्रसिद्ध पोलादही त्याने १८१९ मध्ये तपासले होते. हे सर्व करणाऱ्या माणसाला उच्च गणित येत नव्हते. त्याच्या कल्पनांना गणिताची भाषा पुढे मॅक्सवेलने दिली. फॅराडे विचार करी तो चित्रांनी आणि हातांनी.

मला मात्र त्याच्या विजेपेक्षा त्याच्या प्रकाशाच्या प्रयोगांनी अधिक ओढले, कारण ती तांबडी बाटली डोळ्यांसमोरून हलत नव्हती. १८२५ नंतर काही वर्षे रॉयल सोसायटीच्या कामासाठी त्याने दुर्बिणींकरिता उत्तम काच बनवण्याची खटपट केली. शिशाचे ऑक्साइड भरपूर घालून त्याने एक जड काच बनवली. वर्षे गेली, पण दुर्बिणींना तिचा व्हावा तसा उपयोग झाला नाही. दुसऱ्या कोणी ते तुकडे टाकून दिले असते. त्याने जपून ठेवले. १३ सप्टेंबर १८४५ रोजी त्यातलाच एक तुकडा त्याने जबरदस्त विद्युत् चुंबकाशी ठेवून त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला, आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित फिरली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते आहे हे माणसाला प्रथमच कळले, ते एका फसलेल्या कामातून उरलेल्या काचेमुळे.

सोन्याचे काम त्याने हाती घेतले १८५६ साली, वयाच्या पासष्टीला टेकल्यावर. सोन्याचा वर्ख ही बुकबाइंडरांच्या ओळखीची वस्तू. पुस्तकाच्या पाठीवर नाव उठवायला तो लागतो. हा वर्ख इतका पातळ की फॅराडेच्या हिशेबाने एका इंचात दोन लाख ब्याऐंशी हजार वर्ख एकावर एक बसतील. आजच्या मापात ही जाडी सुमारे ९० नॅनोमीटर. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. प्रकाशाच्या लाटेची लांबी यापेक्षा कितीतरी मोठी, ४०० ते ७०० नॅनोमीटर. मग प्रश्न असा की, लाटेहूनही लहान असलेल्या धातूच्या कणाशी प्रकाश कसा वागेल? वर्ख समोरून पाहिला तर पिवळा दिसतो, पण डोळ्यासमोर धरून त्यातून उजेडाकडे पाहिले तर हिरवा दिसतो. काचेवर बसवलेला वर्ख त्याने तापवला, तर वितळण्याच्या कितीतरी आधीच त्याचा हिरवा रंग गेला. मग अकीकाच्या दगडाने त्यावर दाब देऊन घासले, तर हिरवा रंग परत आला. सोने तेच, फक्त त्याची ठेवण बदलली की रंग बदलतो.

त्याहून पातळ पापुद्रे मिळावेत म्हणून त्याने सोन्याच्या क्षाराचे फिके द्रावण घेतले आणि फॉस्फरसच्या योगाने त्यातून सोने मोकळे केले. या पापुद्र्यांच्या धुण्यातून निघालेल्या पाण्याला तांबूस झाक दिसली. धुवण म्हणून ते मोरीत गेले असते. फॅराडेने ते ठेवले आणि त्याचाच पाठपुरावा केला. कार्बन डायसल्फाइडमध्ये फॉस्फरस विरघळवून तो सोन्याच्या द्रावणात मिसळला की माणकासारखे तांबडे पाणी तयार होते, हे त्याने पक्के केले. भांडे जरा अस्वच्छ असले तरी सारे बिघडे. मीठ पडले की तांबड्याचे निळे होई. थोडे जिलेटिन असले की रंग टिके. त्याने भिंगाने प्रकाशाची बारीक शलाका त्या पाण्यात सोडली. साध्या पाण्यात ती दिसली नसती. या पाण्यात तिची वाट सोनेरी उजळली, कवाडाच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरीपेत धूळ उजळते तशी. त्यावरून त्याने ताडले की हे सोने विरघळलेले नाही. ते धातूच आहे, पण कण अतिशय बारीक आहेत. सोन्याने रंगवलेल्या तांबड्या काचा आणि सोने व कथिल यांपासून बनणारा कॅसियसचा जांभळा रंग यांतही असेच बारीक सोने असले पाहिजे, असेही तो म्हणाला. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी हे काम त्याने रॉयल सोसायटीपुढे व्याख्यानात मांडले.

पण ते कण त्याला कधीही दिसले नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसणे शक्यच नव्हते. त्यांचा आकार त्याला मोजता आला नाही आणि रंग का बदलतो याचा पुरता उलगडाही झाला नाही. त्याने तो झाला असे भासवलेही नाही. जे पाहिले ते लिहिले, आणि बाटल्यांना बुचे लावून त्या ठेवून दिल्या. त्याच्या नोंदवहीतील परिच्छेदांना ओळीने क्रमांक दिलेले आहेत. ते सोळा हजारांच्या वर जातात. यशाला आणि अपयशाला एकाच ओळीतले क्रमांक आहेत.

उत्तरे पुढच्यांनी शोधली. झिग्मोंडीने १८९८ मध्ये कॅसियसच्या जांभळ्या रंगाचे गूढ उकलले. कथिलाच्या ऑक्साइडच्या कणांसोबत सोन्याचे अतिसूक्ष्म कण त्यात असतात. १९०३ च्या सुमारास त्याने सीडेनटॉफच्या साहाय्याने असे कण चमकत्या ठिपक्यांच्या रूपात दाखवणारा अतिसूक्ष्मदर्शक तयार केला. त्याला रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुस्ताव्ह मी याने १९०८ मध्ये रंगाचे गणित मांडले. धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर झुलतात. लहान सुट्या कणांत ते हिरवा प्रकाश खातात, म्हणून उरलेले पाणी तांबडे दिसते. मिठामुळे कण एकमेकांना चिकटतात, झुलण्याची तऱ्हा बदलते, आणि पाणी निळे होते. कोविडच्या साथीत आपण ज्या चाचणीच्या पट्ट्या पाहिल्या, त्यांपैकी पुष्कळ पट्ट्यांवरची तांबडी रेघ याच सूक्ष्म सोन्याची असते.

बशीतल्या पांढऱ्या भुकटीचे कोडेही मग मी त्या मित्राकडून समजून घेतले. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात तो थेंबाथेंबाने अल्क घालतो. पांढरा साका खाली बसतो. तो पुन्हा पुन्हा धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत तापवायचा. मग त्या भुकटीला दोन प्रश्न विचारायचे. पहिला रचनेचा : क्ष-किरण सोडले की अणूंची मांडणी कळते, आणि कण जितका बारीक तितकी आलेखातली शिखरे पसरट होतात, त्यावरून आकाराचा अंदाज येतो. दुसरा प्रश्न प्रकाशाचा : कोणता प्रकाश आत घेतला आणि कोणता सोडला. जस्ताचे ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाश सोडून देते आणि अतिनील किरण अडवते, म्हणून उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमांत ते घालतात. कण फारच बारीक झाले की ही अडवण्याची मर्यादाही सरकते. मला वाटले, घटक कसा रचला आहे आणि तो उजेडाशी कसा वागतो, हेच दोन प्रश्न फॅराडेने आपल्या तांबड्या पाण्याला विचारले होते. साधने तेवढी बदलली.

त्या सुट्टीत मी गावी गेलो. वडील दगडाच्या छिन्नीला पाणी देत होते. त्यांनी तोंड लालबुंद तापवले, टोक पाण्यात बुडवले, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत केले आणि ते टक लावून पाहत राहिले. मागच्या उष्णतेने त्या उजळ पोलादावर रंग सरकू लागले. आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबले तर धार कडक पण ठिसूळ. निळ्यावर गेले तर मऊ. हव्या त्या रंगाला त्यांनी छिन्नी झटकन पुन्हा पाण्यात घातली. हे मी लहानपणापासून हजार वेळा पाहिले होते. पण ते रंग कशाचे, हे मला त्या दिवशी माहीत होते. ती लोखंडाच्या ऑक्साइडची साय. तिची जाडी शंभर नॅनोमीटरच्या आतली. तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, आणि जाडी वाढत जाईल तसा रंग पालटत जातो. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाला रंग येतात तसे. माझे वडील चौथीपर्यंत शिकले. नॅनोमीटर हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पण त्या सायीची जाडी ते नुसत्या नजरेने पारखतात, आणि त्यांची चूक होत नाही. मी त्यांना हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि भाता ओढायला सांगितले.

फॅराडेच्या उतारवयाचे वर्णन वाचताना मन जड होते. स्मरणशक्ती त्याला बरीच वर्षे दगा देत होती. ती आता अधिकाधिक सुटत चालली. १८५७ साली रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले, ते त्याने नाकारले. ज्या संस्थेच्या अध्यक्षाने एके काळी त्याच्या पत्राला उत्तर दिले नव्हते, तिचेच हे पद. सर ही पदवीही त्याने घेतली नाही; शेवटपर्यंत नुसता फॅराडेच राहायचे होते. मुलांसाठी नाताळातली व्याख्याने मात्र तो वर्षानुवर्षे देत राहिला; १८६०-६१ च्या नाताळात तो मेणबत्तीवर बोलला. मार्च १८६२ मध्ये त्याने शेवटचा प्रयोग केला. चुंबकाचा ज्योतीच्या प्रकाशरेषांवर परिणाम होतो का, हे त्याला पाहायचे होते. काही दिसले नाही. तशी नोंद करून त्याने वही मिटली. १८९६ मध्ये झीमानने अधिक चांगल्या साधनांनी तोच प्रयोग केला, आणि परिणाम दिसला. प्रश्न बरोबर होता. साधन तोकडे होते.

राणी व्हिक्टोरियाने राहायला दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅराडेचे निधन झाले. हायगेटच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याने भरलेल्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. दीडशेहून अधिक वर्षे झाली, ते पाणी अजून तांबडे आहे.

मित्रहो, मी कला शाखेचा विद्यार्थी. गणितात काठावर पास झालेला. या लेखात शास्त्राचे काही चुकले असेल तर विज्ञानाच्या प्राध्यापकांनी ते पदरात घ्यावे. गरिबी चांगली असते असे मला म्हणायचे नाही. आठवड्याला एका पावावर राहिलेल्या किती मुलांना रिबो भेटला नाही, शिलिंग देणारा रॉबर्ट भेटला नाही, त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत. पण ज्या कामाची मला लाज वाटत होती, त्या कामात पाहायला शिकवणारी एक शाळा असते, एवढे मला या चरित्राने शिकवले. धुवण फेकण्याआधी त्याचा रंग पाहावा, ही त्या शाळेची पहिली इयत्ता.

यंदा जूनमध्ये द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना तो रकाना पुन्हा समोर आला. त्यात मी लोहारकाम असे लिहिले, आणि अक्षर जरा मोठे काढले.